जुने संगणक, नवे जाळे

तमिळनाडूतील तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान पापनाशम नावाचे एक लहानसे शहर आहे. कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचा हा प्रदेश. १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावरला मराठ्यांची सत्ता स्थापन केली आणि त्यांच्या वंशाची गादी १८५५ पर्यंत चालली. त्या काळात दक्षिणेत आलेली अनेक मराठी कुटुंबे याच परिसरात स्थायिक झाली. त्यांच्या घरांतून मराठी भाषा टिकली, कीर्तनाची परंपरा टिकली आणि पंढरपूरची ओढही टिकली.

पूर्वी या भागातून रेल्वेने पंढरपूरला जायचे म्हणजे तीन निरनिराळ्या रुळांवरून प्रवास करावा लागे. पापनाशमहून निघणारी गाडी मीटरगेजची. तिच्या दोन रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर. ती मद्रासच्या एगमोर स्थानकापर्यंत जाई. तेथून सामान घेऊन सेंट्रल स्थानक गाठावे लागे, कारण मुंबईकडे जाणारी गाडी ब्रॉडगेजची, म्हणजे १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरची होती. ती कुर्डुवाडीला सोडली की बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या चिमुकल्या मार्गावरून पंढरपूर येई. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायची, बोचकी उतरवायची, पुन्हा चढवायची. मालाचेही तसेच. एका डब्यातील पोती हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात जात. आज हे तिन्ही मार्ग ब्रॉडगेज झाले आहेत. परंतु हे काम एका रात्रीत झाले नाही. देशभर एकच रुंदी करण्याची मोठी योजना रेल्वेने १९९२ साली हाती घेतली आणि ते काम पुढे अनेक वर्षे चालू राहिले.

रुळांच्या बाबतीत जे घडले, तेच संगणकांच्या बाबतीतही घडते. एका काळात बनवलेला संगणक आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर त्या काळच्या मार्गांवरूनच माहिती पाठवू शकते. पुढे मार्ग बदलतात. जुना संगणक मात्र आपले काम चोख करीत असतो आणि त्याच्याजवळची माहिती लाखो लोकांच्या उपयोगाची असते. अशा वेळी त्याला नव्या जाळ्याशी कसे जोडावे, हा प्रश्न उभा राहतो. बँका, विमा कंपन्या, वीजमंडळे, रुग्णालये, कारखाने अशा सर्वांनाच तो पडतो. भारतीय रेल्वेची आरक्षण व्यवस्था हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण आहे.

वहीतून संगणकात

संगणक येण्यापूर्वी रेल्वेचे आरक्षण जाडजूड वह्यांमधून होत असे. प्रत्येक गाडीची आणि प्रत्येक दिवसाची नोंद वेगळी. ज्या कारकुनापुढे ज्या गाडीची वही, त्याच्याच खिडकीवर त्या गाडीचे आरक्षण मिळे. प्रवासी चुकीच्या रांगेत उभा राहिला, तर तासाभराने त्याला दुसऱ्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहावे लागे. परतीचे आरक्षण ही तर मोठीच अडचण होती. दुसऱ्या गावाहून सुटणाऱ्या गाडीची वही त्या गावी असल्यामुळे तेथे तार पाठवावी लागे आणि उत्तराची वाट पाहत बसावे लागे.

१९८५ साली नवी दिल्ली येथे संगणकाद्वारे आरक्षणाचा प्रयोग सुरू झाला. सीएमसी या भारतीय कंपनीने त्यासाठी सॉफ्टवेअर तयार केले. रेल्वेच्या संगणकीय कामांसाठी १९८६ मध्ये ‘क्रिस’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. पुढील काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथेही अशीच केंद्रे उभी राहिली. या कामासाठी निवडलेले संगणक अमेरिकेतील ‘डिजिटल’ कंपनीचे होते आणि त्यांवर ‘व्हीएमएस’ नावाची कार्यप्रणाली चालत असे. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर. छपाई, साठवण, गणित या सर्व कामांची वाटणी तीच करते. व्हीएमएसची पहिली आवृत्ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. न थांबता, दिवसरात्र बिनचूक काम करण्याबद्दल तिची ख्याती होती.

या बदलामुळे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे आरक्षण मिळू लागले. परंतु पाच केंद्रे म्हणजे पाच स्वतंत्र वह्याच होत्या. चेन्नईच्या केंद्राला मुंबईच्या वहीत पाहता येत नव्हते. क्रिसने या पाचही केंद्रांना जोडणारे ‘कॉन्सर्ट’ नावाचे नवे सॉफ्टवेअर तयार केले. त्याचा प्रारंभ १९९४ साली सिकंदराबादला झाला आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. तेव्हापासून कुंभकोणमच्या खिडकीवर उभ्या असलेल्या प्रवाशाला कुर्डुवाडीहून परत येण्याचे आरक्षणही तेथेच मिळणे शक्य झाले. तिकिटावरील दहा आकडी पीएनआर क्रमांकात या पाच केंद्रांची खूण आजही दिसते. त्या क्रमांकाचा पहिला अंक साधारणपणे केंद्र दर्शवतो. चेन्नईसाठी ४ किंवा ५, तर मुंबईसाठी ८ किंवा ९.

एका जागेचे दोन मागणारे

या व्यवस्थेचे खरे काम तिकीट छापणे हे नाही. एक जागा एकाच माणसाला मिळेल, याची हमी देणे हे तिचे खरे काम आहे.

अशी कल्पना करावी की, चेन्नईहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एकच जागा उरली आहे. कुंभकोणमच्या खिडकीवरून एकाने आणि सोलापूरच्या खिडकीवरून दुसऱ्याने तिची मागणी त्याच क्षणी केली. दोन्ही मागण्या संगणकापर्यंत पोहोचतात. जी मागणी क्षणभर आधी आली, तिच्यासाठी संगणक त्या जागेच्या नोंदीला जणू कुलूप लावतो. नाव, वय, भाडे यांची नोंद पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या मागणीला थांबावे लागते. पहिले काम पूर्ण झाले, की कुलूप निघते आणि दुसऱ्याला कळते की जागा उरलेली नाही. मध्येच तार तुटली किंवा वीज गेली, तर अर्धवट झालेली नोंद पुसली जाते आणि जागा पुन्हा मोकळी होते. सगळे झाले किंवा काहीच झाले नाही, या दोनच अवस्था संगणक मान्य करतो. ‘अर्धे झाले’ ही अवस्था त्याला मान्य नाही. संगणकशास्त्रात अशा अखंड कामाला ‘व्यवहार’ म्हणतात.

हे नियम ऐकायला सोपे वाटतात. परंतु प्रतीक्षा यादी, राखीव कोटा, निम्मे भाडे, रद्द तिकिटाचा परतावा, एकाच बर्थचा वाटेतील वेगवेगळ्या स्थानकांदरम्यान होणारा वापर असे असंख्य बारकावे त्यांत मिसळलेले असतात. ते सर्व वर्षानुवर्षांच्या अनुभवातून त्या सॉफ्टवेअरमध्ये उतरलेले असतात. जुन्या प्रणालीची किंमत तिच्या लोखंडी पेटीत नसते, ती या साठलेल्या शहाणपणात असते. म्हणूनच ‘जुने झाले, फेकून द्या’ असे म्हणणे सोपे असले, तरी करणे अवघड असते.

अडचण भाषेची

दोन संगणक तारेने जोडले म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात, असे नाही. तार हा केवळ रस्ता आहे. बोलण्यासाठी दोघांनाही एकच रीत ठाऊक असावी लागते. संदेश कोठे सुरू होतो, कोठे संपतो, तो कोणासाठी आहे, वाटेत बिघडला तर काय करायचे, हे सर्व आधी ठरलेले असावे लागते. अशा ठरलेल्या नियमांच्या संचाला ‘प्रोटोकॉल’ म्हणतात.

१९७० आणि १९८० च्या दशकांत प्रत्येक मोठ्या कंपनीचा प्रोटोकॉल वेगळा होता. डिजिटल कंपनीचा ‘डेकनेट’, आयबीएमचा ‘एसएनए’. एका कंपनीचे संगणक आपापसांत उत्तम बोलत, पण परक्याची भाषा त्यांना कळत नसे. मीटरगेजचे डबे ब्रॉडगेजवर जाऊ शकत नसत, तशीच ही स्थिती होती. त्याच सुमारास अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी ‘टीसीपी/आयपी’ हा नियमसंच स्वीकारला. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नव्हता. त्याचे नियम सर्वांसाठी खुले होते. म्हणूनच पुढे तो जगभर पसरला. आजचे इंटरनेट याच नियमांवर चालते.

जे संगणक या आधीच्या काळात घडले किंवा ज्यांच्या निर्मात्यांनी या नियमांचा विचार केला नव्हता, त्यांना इंटरनेट ही परकी भाषा होती. घरगुती संगणकांची गोष्टही वेगळी नव्हती. १९९२ साली आलेल्या ‘विंडोज ३.१’ मध्ये टीसीपी/आयपीची सोय नव्हती. तेव्हा ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या पीटर टॅटम यांनी ‘ट्रंपेट विनसॉक’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर लिहिले. ते बसवले, की तोच जुना संगणक इंटरनेटवर जाऊ शके. जगभरातील असंख्य लोकांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिले ते या छोट्याशा जोडणीमुळे. १९९५ च्या विंडोजमध्ये ही सोय कंपनीने स्वतःच दिली.

जोडणीचे तीन मार्ग

जुन्या प्रणालीला नव्या जाळ्याशी जोडण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे जुन्या संगणकालाच नवी भाषा शिकवणे. ट्रंपेट विनसॉकने हेच केले. व्हीएमएससाठीही टीसीपी/आयपीचे सॉफ्टवेअर पुढे वेगळे मिळू लागले. या मार्गात जुनी भाषा काढून टाकावी लागत नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदू शकतात. काही ठिकाणी रेल्वेने दोन रुळांच्या जोडीला तिसरा रूळ टाकून एकाच मार्गावरून दोन्ही रुंदीच्या गाड्या चालवल्या, तसेच हे आहे. परंतु या मार्गाला मर्यादा आहे. जुन्या संगणकाची स्मृती थोडी आणि वेग कमी असतो. नव्या नियमांचे ओझे त्याला पेलतेच असे नाही.

दुसरा मार्ग दुभाष्याचा. जुना संगणक जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याच्या व जाळ्याच्या मध्ये एक नवा छोटा संगणक बसवायचा. तो एका बाजूने जुनी भाषा बोलतो, दुसऱ्या बाजूने नवी. पूर्वी आरक्षणाच्या खिडक्यांवर पडदा आणि कळफलक एवढेच असलेले टर्मिनल असत. ते स्वतः विचार करीत नसत. कारकुनाने दाबलेले अक्षर मुख्य संगणकाकडे पाठवणे आणि उत्तर पडद्यावर दाखवणे, एवढेच त्यांचे काम. दुभाषी संगणक अशा टर्मिनलचे सोंगही घेऊ शकतो. तो जणू अदृश्य कारकून बनून कळा दाबतो, पडद्यावरचे उत्तर वाचतो आणि ते नव्या जाळ्यावर पुढे पाठवतो. मुख्य संगणकाला कळतही नाही की समोर माणूस नाही. हा मार्ग झटपट आणि स्वस्त आहे. पण पडद्यावरील मजकुराची मांडणी एका ओळीने जरी बदलली, तरी दुभाषी गोंधळतो.

तिसरा मार्ग म्हणजे जुन्या प्रणालीपुढे एक नवे दालन उभारणे. लोकांशी होणारा सर्व संवाद या दालनात होतो. नाव विचारणे, पैसे स्वीकारणे, गाड्यांची यादी दाखवणे ही कामे येथेच पार पडतात. फक्त जागा देण्याचा अखेरचा, महत्त्वाचा व्यवहार आतल्या जुन्या प्रणालीकडे जातो. त्यामुळे तिच्यावरील भार हलका राहतो. चौकशी करणारे अनेक असतात आणि तिकीट काढणारे थोडे. चौकशीची उत्तरे बाहेरच मिळाली, तर आतली व्यवस्था खऱ्या कामासाठी मोकळी राहते.

खिडकीबाहेरची खिडकी

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून रेल्वेचे आरक्षण सुरू झाले. येथे तिसऱ्या मार्गाचाच अवलंब झाला होता. संकेतस्थळ नवे होते, परंतु जागा देणारी प्रणाली तीच जुनी होती. सुरुवातीला तर या जोडणीचे एक टोक कागदीच होते. तिकीट इंटरनेटवर काढायचे आणि छापील तिकीट कुरियरने घरी यायचे. २००५ साली ई-तिकीट आले आणि घरी छापलेला कागद चालू लागला. पुढे मोबाइलवरील संदेशही पुरेसा ठरू लागला. २०१४ मध्ये संकेतस्थळाची नवी, अधिक क्षमतेची व्यवस्था सुरू झाली. आज आरक्षित तिकिटांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तिकिटे इंटरनेटवरून काढली जातात.

या बदलाने एक नवा प्रश्नही निर्माण केला. खिडक्यांची संख्या मर्यादित होती, तेव्हा एका मिनिटात येणाऱ्या मागण्याही मर्यादित होत्या. कारकुनाच्या बोटांचा वेग हीच मर्यादा. इंटरनेट आल्यावर प्रत्येक फोन ही एक खिडकी झाली. तत्काळ तिकिटांसाठी सकाळी दहा आणि अकरा वाजता लाखो लोक एकाच क्षणी दार ठोठावू लागले. दरवाजे हजारपटीने वाढले आणि आतली वही मात्र एकच राहिली. ‘पैसे गेले, पण तिकीट आले नाही’ ही तक्रार याच ताणातून जन्मली. बँकेचा संगणक, संकेतस्थळाचा संगणक आणि आरक्षणाचा संगणक या तिघांचा व्यवहार एकत्र पूर्ण व्हावा लागतो. त्यांपैकी एकाचे उत्तर उशिरा आले, तरी व्यवहार अपुरा राहतो आणि पैसे परत करावे लागतात.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. स्मार्टफोन नसलेला शेतमजूर पहाटेपासून खिडकीपुढे रांगेत उभा असतो. त्याची मागणी आणि शहरातील एखाद्याच्या फोनवरून आलेली मागणी, दोन्ही एकाच वहीत जातात. बनावट खात्यांतून आणि यंत्राच्या वेगाने मागण्या पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे त्या दोघांनाही फटका बसतो. हे रोखण्यासाठी १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवर तत्काळ तिकीट काढणाऱ्यांना आधारची पडताळणी सक्तीची करण्यात आली. जाळे जोडणे हे काम तांत्रिक आहे. जाळ्याच्या दारात कोणाला किती वाव द्यायचा, हा निर्णय मात्र समाजाचा आहे.

दार उघडले, की चोरही येतो

जुन्या प्रणाली ज्या काळात घडल्या, तेव्हा त्यांच्याशी बोलणारे सर्व जण एकाच संस्थेच्या इमारतींत बसलेले असत. तारही खासगी असे. त्यामुळे परका माणूस दारात येईल, हा विचारच त्यांच्या रचनेत नव्हता. संदेश साध्या अक्षरांत जात, पासवर्डही तसाच जाई. अशी प्रणाली थेट इंटरनेटवर आणणे म्हणजे कडी नसलेले घर हमरस्त्यावर आणून ठेवण्यासारखे आहे.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने हे जगाला दाखवून दिले. विंडोजमध्ये फायली वाटून घेण्यासाठी असलेल्या एका जुन्या प्रोटोकॉलमधील दोषातून ते संगणकांत शिरले. काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतील संगणक त्याच्या कचाट्यात सापडले. ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. पण अनेक ठिकाणी तो बसवलाच गेला नव्हता.

दुसरा धोका याच्या उलट दिशेचा आहे. इंटरनेटवरील गुप्त संवादाचे नियम सतत कडक होत जातात. ‘टीएलएस’ या नियमसंचाची पहिली आवृत्ती १९९९ ची. २०२० मध्ये प्रमुख ब्राउझरांनी तिचा आणि तिच्या पुढील आवृत्तीचा आधार काढून घेतला. परिणामी, ज्या जुन्या संगणकाला फक्त तेवढीच रीत ठाऊक होती, त्याच्यापुढे आजची बहुतेक संकेतस्थळे बंद झाली. तो बिघडला नव्हता. जग पुढे गेले होते.

या दोन्ही धोक्यांवर दुभाष्याचाच उपाय उपयोगी पडतो. बाहेरच्या जगाशी नव्या, कडक नियमांनी बोलणारा संगणक दारात उभा करायचा आणि जुनी प्रणाली आतल्या खोलीत सुरक्षित ठेवायची. दारातील संगणक ठरलेल्या चार प्रकारच्या मागण्याच आत जाऊ देतो आणि बाकी सर्व परत पाठवतो. कोण आले, काय मागितले, याची नोंदही तोच ठेवतो. मात्र हा द्वारपाल नेहमी अद्ययावत ठेवावा लागतो. तो स्वतःच जुना झाला, तर सगळी व्यवस्था उघडी पडते.

मग सारे नवेच का करू नये?

एवढी खटपट करण्यापेक्षा नवी प्रणाली घ्यावी, असे कोणालाही वाटेल. काही वेळा ते योग्यही असते. परंतु घाई महागात पडते. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनमधील टीएसबी बँकेने आपली सर्व खाती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत एका शनिवार-रविवारी हलवली. सोमवारी सुमारे एकोणीस लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. ही घडी बसायला कित्येक महिने गेले आणि २०२२ मध्ये तेथील नियामक संस्थांनी बँकेला सुमारे पाच कोटी पौंडांचा दंड केला. चालत्या गाडीची चाके बदलण्यासारखे हे काम आहे.

याउलट, बदल फार लांबवणेही धोक्याचे असते. सुट्या भागांचा पुरवठा थांबतो आणि जाणकार निवृत्त होतात. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला. तेथील जुनी प्रणाली ‘कोबोल’ या भाषेत लिहिलेली होती आणि ती भाषा जाणणारे फार थोडे उरले होते. अखेर राज्याच्या गव्हर्नरांना अशा जाणकारांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. ज्यांची चूल त्या भत्त्यावर पेटायची होती, त्यांना या विलंबाची झळ बसली.

भारतीय रेल्वेपुढेही हा क्षण आला. २०१० मध्ये घडवलेली तिची आरक्षण व्यवस्था ‘इटॅनियम’ जातीच्या संगणकांवर आणि ओपनव्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालत होती. ओपनव्हीएमएस हे जुन्या व्हीएमएसचेच पुढचे नाव. इटॅनियम चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीने २०२१ मध्ये तिचा पुरवठा थांबवला. २०२५ मध्ये रेल्वेने ही व्यवस्था नव्या तंत्रावर नेण्याचे काम जाहीर केले. मिनिटाला सुमारे ३२ हजार तिकिटांऐवजी दीड लाखांहून अधिक तिकिटे आणि चार लाखांऐवजी चाळीस लाखांहून अधिक चौकशा हाताळण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले. येथेही खरी कसोटी वेगाची नाही. जुन्या वहीतील प्रत्येक नियम नव्या वहीत तसाच उतरतो की नाही, ही खरी कसोटी आहे.

शहाणा मार्ग बहुधा मधला असतो. आधी जुन्या प्रणालीपुढे नवे दालन उभारायचे. मग आतील एकेक काम नव्या यंत्राकडे सोपवायचे. काही काळ जुने आणि नवे दोन्ही एकत्र चालवून त्यांची उत्तरे ताडून पाहायची. उत्तरे जुळली, की जुन्याला त्या कामातून निवृत्त करायचे. अशा रीतीने बाहेरच्या माणसाला धक्का न लागता आतले सर्व बदलते.

लिहून ठेवण्याचे मोल

जुन्या प्रणाली जोडताना अभियंत्यांना सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो? लिहून न ठेवलेल्या गोष्टींचा. अमुक आकडा येथे का आहे, ही अट कोणी आणि कशासाठी घातली, याची नोंद नसते. ज्याला ठाऊक होते, तो माणूस केव्हाच निघून गेलेला असतो. मग नवे यंत्र जोडणाऱ्याला अंदाज करावा लागतो आणि त्या अंदाजाची किंमत प्रवाशाला किंवा खातेदाराला मोजावी लागते.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठेकालीन कारभाराची मोडी लिपीतील असंख्य कागदपत्रे आहेत. ती जपली गेली, तरी मोडी वाचणारे विरळ झाल्यामुळे त्यांतील बरीच माहिती सामान्य वाचकाला बंदच राहते. संगणकातील माहितीचेही असेच होऊ शकते. माहिती जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वाचण्याची रीत जपणेही महत्त्वाचे आहे.

दुकानातील हिशेबाचा संगणक असो, सहकारी पतपेढीची खातेवही असो वा कारखान्यातील जुने यंत्र असो, त्याच्याशी रोज काम करणाऱ्या माणसाला त्याच्या खोडी ठाऊक असतात. कोणती कळ दोनदा दाबावी लागते, महिनाअखेरीस कोणता आकडा चुकतो, वीज गेल्यावर काय तपासावे लागते, हे त्यालाच माहीत असते. हे ज्ञान त्याने साध्या शब्दांत वहीत उतरवून ठेवले, तर पुढे नवे यंत्र जोडणाऱ्या अभियंत्याला ती वही कोणत्याही तारेइतकीच उपयोगी पडेल. त्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. नीट पाहण्याची आणि नेमके लिहिण्याची सवय लागते.